बीएस्सी फिजिक्सची पदवी: नक्की काय काय पूर्ण करावं लागतं?

उदगीर_पीसीएमबी

नमस्कार. बारावी झाली, ग्रुप पीसीएमबी. फिजिक्स ७४, मॅथ्स ६१. मेडिकलची नीट परीक्षा पुन्हा द्यायची नाही हे पक्कं आहे. फिजिक्समध्ये बीएस्सी आणि नंतर चांगल्या ठिकाणाहून एमएस्सी करायची आहे.

कॉलेजचं प्रॉस्पेक्टस आणलं, पण मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, ओजेटी, सीईपी असलं वाचून काही उमजेना. पदवी हातात पडायला या सगळ्यांतलं काय काय करावंच लागतं? दुसरं, घरचे म्हणायलेत की फिजिक्ससोबत कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्स घे, मॅथ्स सोड, टक्के चांगले पडतील. तसं चालतं का? ज्यांना नीट माहीत आहे त्यांनीच सांगा, प्रवेशाला थोडेच दिवस राहिलेत.

क्रेडिटखाते

ताई, आधी त्या अक्षरांचा उलगडा करू. राज्यात नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकी कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. उदगीर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे येतं. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्यांचे. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे. दोघांचे अभ्यासक्रम वेगळे, पण क्रेडिटचा सांगाडा राज्याचा एकच आहे. सत्राला २२, वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चौथं वर्ष केलं तर १७६ क्रेडिट.

एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३० तास. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल असेल तर सत्रात ६० तास लॅबमध्ये उभं राहायचं, म्हणजे आठवड्याला चार तास. टाइमटेबल हातात आलं की हा हिशोब एकदा स्वतः करून बघ.

या १३२ मधला साधारण निम्मा भाग मेजरचा, म्हणजे फिजिक्सचा. मायनर १८ ते २० क्रेडिटचा दुसरा विषय. ओई म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा विषय, सायन्सच्या मुलीने आर्ट्स किंवा कॉमर्सचा घ्यायचा. व्हीएससी आणि एसईसी ही कौशल्यं. त्याशिवाय भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली. ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण, सीईपी म्हणजे समाजात जाऊन केलेला उपक्रम, एफपी म्हणजे फील्ड प्रोजेक्ट, आणि सीसी म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, योग यांपैकी काहीतरी.

यातलं काहीच सोडता येत नाही. पदवी अडकते ती बहुतेक वेळा या छोट्या क्रेडिटपायी. फिजिक्सचे सगळे पेपर निघालेले असतात, आणि सहावं सत्र संपल्यावर कळतं की दुसऱ्या वर्षाचे सीईपीचे दोन क्रेडिट भरलेच नाहीत, कारण अहवालावर सही राहिली होती. क्वांटम मेकॅनिक्समध्ये नव्वद मार्क पडले तरी त्यातून हे दोन क्रेडिट भरून निघत नाहीत. प्रत्येक कप्पा स्वतंत्र भरावा लागतो. म्हणून दर सत्राचं मार्कमेमो आलं की २२ पैकी २२ आहेत का ते मोज. २० दिसले तर त्याच आठवड्यात परीक्षा विभागात जा. वर्ष उलटलं की तो कागद शोधायला कुणाकडे वेळ नसतो.

सरासरीचंही लक्षात ठेव. एसजीपीए, म्हणजे सत्राची सरासरी, काढताना ग्रेड पॉइंटला क्रेडिटने गुणतात. चार क्रेडिटच्या विषयात ६ आणि दोन क्रेडिटच्या विषयात ९ मिळाले, तर बेरीज २४ अधिक १८, म्हणजे ४२. भागिले ६ क्रेडिट, उत्तर ७. साडेसात नाही. ‘हलके विषय टक्के ओढतात’ हे म्हणूनच अर्धंच खरं.

आता नावाचा घोळ. क्रेडिट अकॅडमिक बँकेत जमा होतात. त्यासाठी एबीसी आयडी लागतो आणि तो आधारवरून निघतो. बोर्डाच्या मार्कमेमोवर आडनाव आधी असतं, आधारवर बऱ्याचदा शेवटी, आणि वडिलांच्या नावाला कुठे ‘राव’ लागलेलं असतं, कुठे नसतं. नाव जुळलं नाही की क्रेडिट चढत नाहीत. दहावीच्या सनदेवर जे आहे तेच आधारवर करून घे, तेही प्रवेशाआधी. पीआरएन नंबर (विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक) मिळाल्यावर त्यातली स्पेलिंग तपास.

मधे शिक्षण थांबवावं लागलं तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर डिप्लोमा मिळतो, पण त्यासाठी ४ क्रेडिटचा जादा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सगळी पदवी सात वर्षांत संपवायची असते.

गणित_परभणी

वरचं सगळं बरोबर आहे. मी फक्त दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण चुकीचा निर्णय तिथेच होतो.

मॅथ्स न घेता फिजिक्सची पदवी मिळते का? विषयांच्या जोडीत कॉलेज तशी सोय देत असेल तर मिळते. पण त्या पदवीवर पुढचं दार उघडेल का, हे वेगळं. जॅममधून (आयआयटींच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) एमएस्सी फिजिक्सला घेणाऱ्या बऱ्याच आयआयटींची अट अशी आहे: पदवीला फिजिक्स किमान चार सत्रं आणि मॅथ्स किमान दोन सत्रं. ही अट बीएस्सीच्या प्रवेश अर्जावर कुठेच दिसत नाही. ती तीन वर्षांनी एमएस्सीचा अर्ज भरताना समोर येते, आणि तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. पेपर सुटला, स्कोअर आला, तरी प्रवेश अडतो.

म्हणून जिथे पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाचे असतात तिथे फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा आवडीचा (केमिस्ट्री, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, काहीही). दुसऱ्या वर्षी फिजिक्स मेजर, मॅथ्स मायनर. जिथे पहिल्या सत्रापासूनच मेजर-मायनर ठरतं तिथे पहिल्याच दिवशी मॅथ्स मायनर लिहायचं. कॉम्प्युटर शिकायचंच असेल तर ते व्हीएससी किंवा एसईसीत घेता येतं, पायथॉनवर एखादा कोर्स बहुतेक ठिकाणी असतो. मॅथ्सला मात्र असा मागचा दरवाजा नाही.

अट बाजूला ठेवली तरी मॅथ्स सुटत नाहीच. फिजिक्सच्या पेपरात ते येऊन बसतं. एकच उदाहरण घ्या. क्वांटमचा सगळ्यात पहिला प्रश्न असतो, डब्यात अडकलेला कण. डब्याची लांबी एल. तरंगफलन म्हणजे ए गुणिले साइन. आता ए ची किंमत काढायची. कण डब्यात कुठेतरी असणारच, म्हणून साइन वर्गाचं शून्यापासून एलपर्यंतचं इंटिग्रल, गुणिले ए वर्ग, बरोबर १. ज्याला साइन वर्गाच्या जागी ‘एक वजा कॉस दोन थीटा, भागिले दोन’ लिहायचं सुचतं त्याला दोन ओळींत कळतं की इंटिग्रल एलच्या निम्मं येतं, आणि ए म्हणजे दोन भागिले एलचं वर्गमूळ. ज्याला सुचत नाही तो उत्तर पाठ करतो. पुढच्या पेपरात डब्याच्या कडा शून्य आणि एलऐवजी उणे एल बाय दोन आणि अधिक एल बाय दोन दिल्या की काही उत्तरं साइनऐवजी कॉसमध्ये येतात, आणि पाठांतर तिथेच कोसळतं. क्वांटम अवघड वाटतं ते बारावीचं इंटिग्रेशन कच्चं राहिल्यामुळे.

इलेक्ट्रोमॅग्नेटिझमचंही तसंच. ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल हे तीन शब्द हातात बसले नसतील तर मॅक्सवेलची समीकरणं नुसती चित्रं दिसतात.

६१ मार्क कमी नाहीत. प्रवेश होऊन वर्ग सुरू व्हायच्या आत बारावीच्या मॅथ्सच्या पुस्तकातले डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरेन्शियल इक्वेशन, व्हेक्टर आणि मॅट्रिक्स एवढेच पाठ पुन्हा सोडवून काढ. रोज पंधरा गणितं, वहीत, उत्तर न बघता.

उदगीर_पीसीएमबी

जॅमची ती अट कुणीच सांगितली नव्हती. मॅथ्स घेतेच, घरी हे दाखवते. आता प्रॅक्टिकलचं सांगाल का? बारावीत प्रॅक्टिकल फार झालं नाही. कॉलेजात रीडिंग पुस्तकातल्या उत्तराला जुळवून लिहितात असं ऐकलंय.

प्रयोगशाळा_खोली३

आधी नियम. हजेरी ७५ टक्के. जर्नल दर प्रयोगाला तपासून, सही होऊन, शेवटी सर्टिफाय झालेलं लागतं. त्याशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत. सह्या शेवटच्या आठवड्यात एकदम घ्यायच्या असं ठरवणाऱ्यांचे दोन-तीन प्रयोग हमखास राहतात.

रीडिंग जुळवण्याबद्दल. ही सवय पहिल्या वर्षी लागते आणि मग मुलाला मोजताच येत नाही. आपल्याकडचंच उदाहरण देतो. रेझोनन्स ट्यूबने हवेतला ध्वनीचा वेग काढायचा प्रयोग. पुस्तकात लिहिलंय ३४० मीटर प्रतिसेकंद. पण ते साधारण १५ अंश तापमानाचं. एप्रिलमध्ये लातूर-परभणीच्या लॅबमध्ये पंखा चालू असूनही थर्मामीटर ४० दाखवतो. दर अंशाला वेग सुमारे ०.६ ने वाढतो, शून्य अंशाला ३३१ धरला तर ४० ला तो ३५५ च्या आसपास येतो. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क घेतला तर पहिल्या आणि दुसऱ्या रेझोनन्समधलं अंतर ३४.७ सेंटीमीटर यायला पाहिजे. ३४० धरून ‘बसवलेलं’ अंतर येतं ३३.२. हा दीड सेंटीमीटरचा फरक साध्या पट्टीवर दिसतो! म्हणजे ज्याने ३३.२ लिहिलं त्याने मोजलंच नाही, हे परीक्षकाला खोलीचं तापमान बघून कळतं. तापमानाचा रकाना आधी भरा. आणि वेग काढताना दोन रेझोनन्सचा फरकच घ्या, नुसती पहिली लांबी चौपट करू नका. हवेचा स्तंभ नळीच्या तोंडाच्या थोडा बाहेरपर्यंत हलतो, ती चूक फरक घेतल्यावर आपोआप निघून जाते.

दुसरा, जिथे सगळ्यात जास्त मुलं चुकतात, तो न्यूटनच्या कड्यांचा, ज्यातून सोडियमच्या उजेडाची तरंगलांबी काढतात. सोडियमचा दिवा लावून दहा मिनिटं थांबा, उजेड लालसरचा पक्का पिवळा झाला पाहिजे. भिंग आणि काच मऊ कपड्याने पुसा. मधला ठिपका काळा दिसायला हवा. धुळीचा कण अडकला असेल तर तो उजळ दिसतो. तरी प्रयोग वाया जात नाही, कारण आपण दोन कड्यांच्या व्यासांच्या वर्गांतला फरक घेतो आणि मधली गडबड त्यात वजा होते.

मायक्रोस्कोप एकाच दिशेने न्या. डावीकडे विसाव्या कड्याच्या पुढे, बाविसाव्यापर्यंत जा, मग उजवीकडे फिरत या आणि डावा २०, १८, १६ असं करत मध्य ओलांडून उजवा २० पर्यंत वाचत जा. मधेच चुकून पुढे गेलात आणि स्क्रू उलटा फिरवून मागे आलात की आट्यांमधली ढिलाई रीडिंगमध्ये शिरते. भिंगाची वक्रता त्रिज्या १०० सेंटीमीटर असेल तर दहाव्या कड्याचा व्यास ०.४८६ आणि विसाव्याचा ०.६८७ सेंटीमीटरच्या जवळ येतो. वर्गांतला फरक ०.२३६. त्याला चार गुणिले दहा गुणिले १०० ने भागलं की ५८९३ अँगस्ट्रॉमच्या आसपास उत्तर येतं. आता उलट्या स्क्रूने विसाव्या कड्याच्या व्यासात ०.००५ चा जरी घोळ झाला, तरी उत्तर सुमारे तीन टक्क्यांनी, म्हणजे पावणेदोनशे अँगस्ट्रॉमने सरकतं. चूक एवढी बारीक असते आणि दिसते एवढी मोठी, म्हणून स्क्रूची दिशा सांभाळा.

मर्क्युरीच्या दिव्याचं एक ध्यानात असू द्या. लाइट जाऊन परत आली की तो लगेच पेटत नाही, थंड व्हायला काही मिनिटं लागतात. बटण चालू-बंद करत बसू नका. तेवढ्यात स्पेक्ट्रोमीटरचं लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) आणि तक्ता लिहून ठेवा.

मायकेलसन इंटरफेरोमीटर (प्रकाशकिरण दोन भागांत फोडून आरशांवरून परत एकत्र आणणारं उपकरण) कॉलेजात असेल तर तो प्रयोग मागून घ्या. हेलियम-निऑन लेसरवर १०० पट्ट्या सरकल्या की आरसा ०.०३१६ मिलिमीटर हललेला असतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा मंजूर झाली आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. तिचं मूळ तत्त्व हेच. आपल्या जिल्ह्यांतल्या मुलांनी हा प्रयोग हाताने केलेला असावा, असं मला मनापासून वाटतं.

बीड_बी_ग्रुप

मधे विचारतो. माझी बारावी पीसीबी, मॅथ्स नव्हतंच. मला फिजिक्स मेजर मिळेल का?

गणित_परभणी

दादा, प्रॉस्पेक्टसमध्ये फिजिक्सच्या जोडीसमोर ‘बारावीला मॅथ्स आवश्यक’ असं आहे का, ते आधी बघ. असेल तर तिथे प्रवेश मिळणार नाही. नसेल तर मिळेल, पण वर लिहिलेली दोन सत्रांची अट तुलाही लागू आहेच.

रस्ता एक आहे. राज्य मंडळाची बारावी उत्तीर्ण झाल्यावर तुरळक विषय म्हणून मॅथ्सची परीक्षा देता येते. अर्ज आपल्या ज्युनियर कॉलेजातून जातो. पुरवणी परीक्षेच्या भरवशावर राहू नको, अभ्यासाला वेळच मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चची धर, आणि वर्ष जाईल हे मान्य करूनच हा निर्णय घे. फिजिक्सच करायचं मनात असेल तर हे वर्ष वाया जात नाही. कच्च्या मॅथ्सवर तीन वर्षं ढकलणं जास्त महाग पडतं.

शिष्यवृत्ती_जॅम

पैसे आणि पुढची परीक्षा, दोन्हींवर थोडक्यात.

महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्त्यांचं पोर्टल) अर्ज प्रवेशानंतर लगेच भरा. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा, जातीचा दाखला, ओबीसी वगैरेंना नॉन क्रीमी लेयर, डोमिसाइल, आणि आधारला जोडलेलं बँक खातं. खातं जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही परत जातात. अर्ज भरल्यावर कॉलेजच्या लॉगिनमधून तो पुढे ढकलला गेला का ते विचारत राहा, बरेच अर्ज तिथेच पडून असतात.

बारावीला बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात असाल तर केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेतली ‘शी’ (एसएचई) शिष्यवृत्ती बघा. वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. ती मूलभूत विज्ञानाच्या पदवीलाच मिळते, इंजिनिअरिंगला नाही.

जॅमचा फिजिक्सचा पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० मार्क. पहिल्या भागात एकच बरोबर पर्याय असलेले ३० प्रश्न, चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांचा एक तृतीयांश भाग कापतात. दुसऱ्यात एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकणारे १० आणि तिसऱ्यात आकडा स्वतः भरायचे २०. या दोन्हींत वजाबाकी नाही. म्हणून आकड्याचा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. परीक्षा फेब्रुवारीत, तिसऱ्या वर्षात असतानाच देता येते. अभ्यासक्रमात मॅथेमॅटिकल मेथड्स, मेकॅनिक्स, ऑप्टिक्स, इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम, थर्मो, मॉडर्न फिजिक्स, सॉलिड स्टेट आणि इलेक्ट्रॉनिक्स. यातलं बरंचसं पहिल्या दोन वर्षांत शिकवून होतं, म्हणून त्या नोट्स फेकू नका. सरावाला आयएपीटी या फिजिक्स शिक्षकांच्या संघटनेची एनजीपीई परीक्षा चांगली, ती खास बीएस्सीच्या मुलांसाठी आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या एनआययूएस शिबिराला पहिल्याच वर्षी अर्ज करा.

मराठी माध्यमातून आला असाल तर संज्ञांची एक वही करा. जडत्व, संवेग, अपवर्तनांक, व्यतिकरण यांच्यासमोर लॅबमध्ये बोलला जाणारा शब्द. संकल्पना आधीच आलेली असते, पेपरात अडतो तो फक्त शब्द.

उदगीर_पीसीएमबी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक: तीन वर्षांवर थांबावं का चौथं वर्षही करावं?

क्रेडिटखाते

तुला बाहेर एमएस्सी करायची आहे, तर तीन वर्षं आणि १३२ क्रेडिट पुरेत. तिथून एमएस्सी दोन वर्षांची. चौथं वर्ष ऑनर्सचं केलं तर एमएस्सी एका वर्षाची होऊ शकते, पण त्या संस्थेत एक वर्षाचा अभ्यासक्रम असायला हवा. ‘ऑनर्स विथ रिसर्च’ हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के आणि कॉलेजात मान्यताप्राप्त संशोधन केंद्र, दोन्ही लागतं. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एमएस्सी न करता पीएचडीसाठीही अर्ज करता येतो. हा निर्णय पाचव्या सत्रात घेतलास तरी चालेल. मॅथ्सचा मात्र याच आठवड्यात.